नेमाची अक्का

नवी पेठ, सोलापूर
१९ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,

नमस्कार आहेच, पण हे पत्र भांडायला लिहिते आहे हे आधी सांगून टाकते. फोनवर तुला ऐकू येत नाही. तुझ्या पुतण्याला, चन्नवीरदादाला, मध्ये घालून बोलावं तर तो तुझ्या कानाशी एवढा ओरडतो की आधी गल्लीला कळतं, मग तुला. माझी आई गेल्यावर तूच मला सांभाळलंस, तूच पाटीवर अक्षर गिरवून घेतलंस. तेव्हा आता वाच.

परवा दुकानाच्या वरच्या मजल्याची पूजा झाली. तू मंगळवेढ्याहून एसटीने आलीस, मला किती बरं वाटलं. सासूबाईंनी पहाटे उठून पुरण शिजवलं होतं. तू पानावर बसलीस, पोळीचा एक घास मोडून खाल्लास आणि "माझा नेम हाय" म्हणून उठलीस. सासूबाईंनी तुझं पान उचललं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "तुझ्या आत्याला आमच्या घरचं चालत न्हाय व्हय? आमी बी लिंगायतच की." सांग, मी काय उत्तर देणार होते? तुझा एक वेळचा नेम मला माहीत आहे, पण दुकानाच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांना कसा माहीत असणार?

मग तुला शोधत मागच्या गोदामात गेले. चादरींच्या गठ्ठ्यांवर तू एका कुशीवर पडली होतीस, गुडघे पोटाशी ओढून, पदराचा बोळा दातांत धरून. कपाळ घामाने थबथबलेलं. हलवलं तर म्हणालीस, जप चाललाय. आत्या, मी लहानपणी रोज तुझ्या शेजारी पूजेला बसलेय. तू जप ताठ बसून करतेस.

मोरीत हिरवं काहीतरी सांडलं होतं. पोरांनी रंग सांडला असेल असं वाटलं. पाणी ओतलं तेव्हा वास आला.

खरं काय ते लिही. गोड लिहू नकोस.

तुझी राजी


मंगळवेढा
२ मार्च २०२४

चि. राजेश्वरीस,

आशीर्वाद. भांडायला आलेल्या पोरीलाही तो द्यावा लागतो, काय करणार.

सासूबाईंना सांग, पोळ्या लुसलुशीत होत्या. पुरणात गूळ जरा कमी पडला होता, हे मात्र सांगू नकोस.

तू हळदीच्या अंगाने सासरी गेल्यापासून नेम विसरलीस की काय? माझ्या लग्नानंतरच्या श्रावणात तो धरला. दिवसातून एकदा वाटीभर आंबील, नाहीतर ताकातल्या कण्या. बाकी पाणी. तुझे मामा, म्हणजे माझे मालक, होते तोवर चारचौघांत अभिमानाने सांगायचे, आमच्या घरात एक बाई अशी आहे. आता ते नाहीत, पण गल्ली मला नेमाची अक्का म्हणते. नवी सून आली की आधी माझ्या पाया पडायला आणतात. मठात आरतीला मला पुढे बसवतात. तुझ्या दुकानात मला कुणी ओळखलं नाही म्हणून मी काय गळ्यात पाटी अडकवून यायचं होतं का?

गोदामात जरा वायगोळा उठला होता. प्रवासाने बेंबी सरकली असेल. इथे आल्यावर तेल लावून पोट चोळून घेतलं, तांब्या लावून बेंबी बसवली, बरी आहे. हिरवं म्हणजे पित्त. पित्त काय गुलाबी असतं?

आणि डॉक्टरकडे चल म्हणू नकोस. माझे डॉक्टर करून झाले. एकाने गॅस सांगितला, एकाने आम्लपित्त. तिसरा म्हणाला, पोटी मूल नाही, ते मनाला लागलंय. त्याच्या गोळ्यांनी मी झोपून राहायची आणि पोट तेवढं जागं असायचं.

कंडक्टरजवळ हुरडा दिला आहे. मालदांडी ज्वारीचा आहे, शेवटचा. भाजून पाठवते आहे, गार झाला तर तव्यावर जरा हलव. चटणी सूनबाईने, चन्नवीरच्या बायकोने, केली आहे, मला चव सांगता येणार नाही.

आत्या


नवी पेठ, सोलापूर
१४ एप्रिल २०२४

ती. आत्यास,

हुरडा सगळ्यांनी खाल्ला. मी खाल्ला नाही. राग होता म्हणून.

आता परवाचं. चन्नवीरदादाने तुला कसंबसं इथे आणलं, आपण सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात गेलो, आणि डॉक्टर उदयसिंह माझ्याशी इतका वेळ काय बोलत होते ते तुला कळलं नाही. तू सारखी माझ्या तोंडाकडे बघत होतीस. ते सगळं लिहिते.

त्यांनी तुझे जुने कागद बाजूला ठेवले आणि एकच विचारलं, उलटी कुठल्या रंगाची होते? मी म्हटलं, हिरवी. त्यांनी पेन खाली ठेवलं. कधीपासून? मी चन्नवीरदादाकडे पाहिलं, तो म्हणाला, "मला कळतंय तवापास्नं." डॉक्टर म्हणाले, आंबट पाणी येणं वेगळं आणि वरचेवर हिरवी उलटी होणं वेगळं. हिरवं येतं याचा अर्थ पोटाच्या पुढे, आतड्यात कुठेतरी वाट अडते. सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून काही नाही असं होत नाही. औषध पाजून आणि शिरेतून रंग सोडून सीटी स्कॅन करू, म्हणजे आतडी कशी बसली आहेत ते कळेल.

तू आत गेलीस. आणि ते पोर तुला गाऊन देतंय न देतंय तोच मूठ आवळून बाहेर आलीस, थेट रिक्षात जाऊन बसलीस. मी मागे धावले तर माझ्याकडे पाहिलंही नाहीस. एवढी उधळलेल्या बैलाच्या वेसणीला हात घालणारी बाई तू, त्या यंत्राला भ्यालीस? ते नुसतं गोल कडं असतं. त्यातून आत जायचं आणि बाहेर यायचं. माझ्या सासूबाईसुद्धा जाऊन आल्या आहेत.

आत्या, तुझे हात माझ्या हातांपेक्षा बारीक झालेत. बांगड्या कोपरापर्यंत जातात. मला भीती वाटते.

राजी


मंगळवेढा
२० एप्रिल २०२४

चि. राजीस,

यंत्राला भ्याले नाही.

त्या पोरीने गळ्याकडे बोट दाखवलं. मंगळसूत्र मामांबरोबरच गेलं, मग राहिलं काय? चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. काढून ट्रेमध्ये ठेवा असं तिने खुणेने सांगितलं. ट्रेमध्ये कुणाच्या तरी दातांची कवळी ठेवली होती, तिच्या शेजारी.

मला लहानपणी दीक्षा देताना स्वामी म्हणाले होते, हे आणि प्राण एकदमच सुटायचे. त्या दिवसापासून ते अंगावरून खाली उतरलेलं नाही. बाळंतपणासारख्या वेळेलासुद्धा बाया काढत नाहीत, मला तर तीही वेळ आली नाही. त्या पोरीला तोंडाने काही सांगावं तर ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही. म्हणून मुठीत धरलं आणि आले.

आता पुन्हा बोलावू नकोस. पोट ठीक आहे.

आत्या


नवी पेठ, सोलापूर
२ मे २०२४

ती. आत्यास,

मी मूर्ख आहे. तुझ्या मुठीत काय आहे ते मला तिथेच कळायला हवं होतं.

मी आपल्या मठाच्या रुद्रय्या स्वामींकडे जाऊन आले. ते आता फार थकलेत, पण तुझं नाव काढताच उठून बसले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अंगावर असलं म्हंजे झालं की. गळ्यातच पायजे असं कुटं हाय? चांदीची डबी काढा, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळा, डोक्यावर बांधा. डोक्याइतकी चांगली जागा दुसरी कुटली?" मग त्या स्कॅनच्या पोरीलाही विचारलं. ती म्हणाली, फोटो पोटाचा आहे, डोक्यावर कापडात दगड असला तर आमची काही हरकत नाही, धातू तेवढा नको. ती बिचारी रडवेली झाली. तिला माहीतच नव्हतं.

तेव्हा तेवढी अडचण संपली. वस्त्र मी आणलंय, आपल्याच दुकानातलं, मऊ मलमल.

पण एक विचारते, आणि याचं उत्तर दिल्याशिवाय आंबील पिऊ नकोस. नेम आधी धरलास की दुखणं आधी आलं?

राजी


मंगळवेढा
९ मे २०२४

चि. राजीस,

पत्र आल्यावर मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. सूनबाईने दोनदा विचारलं, काकू, राजीअक्काचं काय आलंय? म्हटलं, दुकानात नवीन माल आलाय म्हणून लिहिलंय.

तू विचारलंस तसं मला आजवर कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची. माहेरी अधूनमधून पोट धरून बसायची, आई म्हणायची खादाडपणा करतेस. सासरी पहिल्या सणाला पोटभर वाढलं. नव्या नवरीने नको म्हणायचं नसतं. जेवून उठले आणि अंगणातच वाकडी झाले. सगळं पडलं, हिरवंगार. सासूबाई बघत होत्या. दुसऱ्या खेपेला बोलल्या, हिला आमच्या घरचं अन्न पचत नाही. तिसऱ्या खेपेला तुझ्या आजोबांना निरोप धाडला, पोरीत खोट असेल तर घेऊन जा. तुझे आजोबा येऊन ओट्यावर बसले होते, डोक्याचं पागोटं मांडीवर काढून ठेवून. ते मी दाराच्या फटीतून पाहिलं.

त्यानंतरचा सोमवार श्रावणाचा होता. मी सकाळीच सांगितलं, आज माझा उपास. दिवसभर काही खाल्लं नाही आणि दिवसभर दुखलं नाही. राजी, तो दिवस मला अजून आठवतो. मी विहिरीवरून चार घागरी हसत आणल्या. मग गुरुवार धरला. मग एक वेळचा नेमच धरला. सासूबाई ज्यांना त्यांना सांगायला लागल्या, आमची सून शिवाची आहे. निरोप धाडायचं बंद झालं. उपास म्हटलं की बाईला कुणी पुढचं काही विचारत नाही.

पण मी शिवाचं नाव खोटं घेतलं असं समजू नकोस. घेतलं ते मनापासूनच घेतलं. पुढे पुढे मलाच कळेनासं झालं की मी दुखतंय म्हणून खात नाही की नेम म्हणून खात नाही. एवढ्या वर्षांत दोन्ही एकमेकांत मुरलं.

आता हल्ली वाटीभर आंबीलही सोसत नाही. हे तुला म्हणून लिहिते.

येते. एकदाच. वस्त्र धुऊन ठेव.

आत्या


नवी पेठ, सोलापूर
२६ मे २०२४

ती. आत्यास,

स्कॅन झाल्या झाल्या तू गाडी पकडलीस, रिपोर्टला थांबली नाहीस. मी थांबले. आता नीट बसून वाच, चष्मा लाव.

आईच्या पोटात असताना बाळाची आतडी काही दिवस नाळेत बाहेर असतात. मग ती आत परत येतात आणि येताना एक वळण घेऊन आपापल्या जागी चिकटतात. तुझी वळलीच नाहीत. तुझं लहान आतडं सगळं उजवीकडे आहे आणि मोठं सगळं डावीकडे. तू जन्मलीस तेव्हापासून. बहुतेकांचं हे तान्हेपणीच कळतं, कारण बाळं फार आजारी पडतात. काही थोडे लोक असेच मोठे होतात, आणि मोठ्या माणसात हे कुणी शोधायला जात नाही, म्हणून सापडत नाही.

जागा चुकली एवढंच असतं तरी चाललं असतं. पण आतडं पोटाच्या मागच्या भिंतीला लांबवर शिवलेलं असतं, तुझं ते एका अरुंद देठावर लोंबतंय. म्हणून ते देठाभोवती फिरतं. ओला टॉवेल पिळावा तसं पिळतं आणि कधी आपोआप सुटतं. डॉक्टरांनी मला फोटो दाखवला, शिरा देठाभोवती गोल गोल फिरलेल्या दिसतात. शिवाय जन्मतःच काही पट्टे आडवे आलेत, ते वरच्या आतड्याला दाबतात. जेवलीस की दुखतं ते म्हणून. हिरवी उलटी म्हणून. गुडघे पोटाशी घेतलेस की बरं वाटतं तेही बहुतेक म्हणूनच.

ऑपरेशन करायला हवं. पट्टे कापायचे, पीळ सोडवायचा, तो देठ पसरून रुंद करायचा म्हणजे पुन्हा सहज पिळणार नाही. अपेंडिक्सही काढतात, कारण तुझं ते डावीकडे आहे, उद्या दुखलं तर कुणाला ओळखताच येणार नाही. मी विचारलं, मग आतडी सगळ्यांसारखी जागेवर बसवणार? ते म्हणाले, नाही. ती जशी आहेत तशीच, उजवीकडची उजवीकडे, डावीकडची डावीकडे, नीट मांडून ठेवायची. मला ते ऐकून का कोण जाणे, बरं वाटलं.

सगळं दुखणं जाईलच असा शब्द त्यांनी दिला नाही. पण एक सांगितलं. एक दिवस पीळ असा बसेल की सुटणार नाही, रक्त तुटेल आणि आतडं काळं पडेल. तेव्हा हातात फार थोडा वेळ असेल. मंगळवेढ्याहून इथे यायलाच तो संपेल.

तारीख घेऊ का? लगेच लिही.

राजी


मंगळवेढा
६ जून २०२४

चि. राजीस,

तारीख घेऊ नकोस.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. जन्मापासून, असं तू लिहिलंस. तो शब्द मला सोडत नाही. म्हणजे मी जे केलं ते सगळं त्या आतड्याने करवून घेतलं. मी शिवासाठी उपाशी आहे असं गल्ली समजली, मीही समजले, आणि तो होता एक पीळ.

काल खालच्या आळीतली नवी सून पाया पडायला आली. तिच्या सासूने मलाही ऐकू जाईल असं मोठ्याने, कौतुकाने तिला सांगितलं, "ह्या अक्कांनी आयुष्यभर जिभेला जिंकलंय, त्यांचा हात डोक्यावर घे." मी हात उचलला आणि तो तिच्या डोक्यापर्यंत जाईना. कसला हात ठेवू? मी जिभेला कुठे जिंकलं? मला खाऊ वाटायचंच नाही, दुखण्याच्या भीतीने. भीतीला जर नेम म्हणायचं तर चोरालाही संन्यासी म्हणा.

तुझा डॉक्टर चिरून बरी करेल. मग मी चारचौघींसारखी जेवेन, आणि गल्ली म्हणेल, अक्कांचा आजार होता होय. तुझे मामा ज्या गोष्टीवर मान ताठ करून चालले ती गोष्ट एका फोटोत निघाली. त्यापेक्षा मला आहे तशी जाऊ दे. नेमाची अक्का म्हणून जाऊ दे. एवढं एकच माझ्याजवळ आहे, राजी. मूल नाही, नवरा नाही, कान नाहीत. हे आहे.

रागावू नकोस. तू रागावलीस की तुझी आई दिसते.

आत्या


सोलापूर, दवाखान्यात
२१ जून २०२४

आत्या,

तुला आत घेतलंय, मला दाराशी थांबवलंय. नर्सताई हा कागद तुझ्यासमोर धरतील. चष्मा चन्नवीरदादाच्या गाडीत राहिला म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

पीळ बसलाय. या वेळी तो सुटणार नाही. आत्ताच ऑपरेशन करायला हवं. तू शुद्धीवर आहेस तोवर तुझ्या होकाराशिवाय ते पुढे जाणार नाहीत.

तू गेलीस तर गल्ली तुला नेमाची अक्का म्हणेल. मी काय म्हणू? मला दुसरी आत्या नाही.

मागच्या बाजूला लिही. हो किंवा नाही.

राजी


(त्याच कागदाच्या मागे)

सही करते. लिंग तू बांध, डोक्यावर, घट्ट. दुसऱ्या कुणाला देऊ नको.

राजी, लई दुखतंय. हे आजवर कुणाला म्हणाले न्हाय.


सोलापूर, दवाखान्यात
२३ जून २०२४

ती. आत्यास,

तू डोळे उघडतेस आणि पुन्हा मिटतेस. नळ्या असल्यामुळे बोलता येत नाही, आणि आम्ही बोललेलं तुला ऐकू येत नाही. तेव्हा हे उशाशी ठेवते.

पोट उघडलं तेव्हा आतडं जांभळं-काळं दिसत होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पीळ उलटा फिरवून सोडवला, आतडं गरम ओल्या कापडांत गुंडाळलं आणि हात न लावता वाट पाहिली. मग हळूहळू लाली परत यायला लागली. कुठलाच तुकडा कापावा लागला नाही. मग पट्टे कापले, देठ रुंद केला, आणि मी लिहिलं होतं तसं सगळं आहे त्या बाजूला मांडून ठेवलं. डॉक्टर उदयसिंह बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "थोडक्यात वाचल्या." मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

लिंग टोपीखाली होतं. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, तिचा प्राण आहे, सांभाळा. त्या म्हणाल्या, सांभाळते की, माझं काम दुसरं काय आहे?

एक सांगायचं राहिलं. तुझ्या सहा जूनच्या पत्राला मी उत्तर लिहिलं होतं. रागात लिहिलं होतं की तुझा नेम खोटाच होता, एक ढोंग तू आयुष्यभर सांभाळलंस आणि आता त्याच्यासाठी मरायला निघालीस. पाकीट बंद केलं आणि तेवढ्यात चन्नवीरदादाचा फोन आला. ते पत्र मी फाडून टाकलंय. तो नेम काय होता ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तू पोटात पीळ घेऊन रोज दुपारी मला गरम भाकरी वाढायचीस, आणि मी दोन मागायचे.

जागी हो. सासूबाई खाली शिरा घेऊन बसल्यात. तुला देता येणार नाही हे सांगितलं तरी उठत नाहीत.

राजी


मंगळवेढा
१२ ऑगस्ट २०२४

चि. राजीस,

आशीर्वाद, आणि सासूबाईंना नमस्कार. त्यांच्या घरी इतके दिवस राहून मी त्यांचं काय काय खाल्लं ते त्यांनी गल्लीभर सांगितलं असेल. सांगू दे.

टाक्यांची जखम भरली आहे. अजून वाकताना ओढ बसते. इथे आल्यावर पहिले काही दिवस दुधात कुस्करलेली भाकरी, मग अर्धी, आता एक भाकरी आणि शेंगाची चटणी. एकदा जास्त झालं तेव्हा पोट जड झालं, पण ते तसलं दुखणं नव्हतं. मी ओळखते त्याला.

गल्लीला काय सांगितलं म्हणून विचारशील. खरं तेच सांगितलं. जन्मापासून आतडं वेडंवाकडं होतं, जेवलं की दुखायचं, म्हणून जेवत नव्हते. अर्ध्या जणींनी ऐकलंच नाही. त्या म्हणतात, अक्कांच्या नेमाला शिव पावला आणि त्याने आतडं सरळ केलं. मी किती वेळा सांगितलं की सरळ केलेलं नाही, वाकडंच ठेवलंय, फक्त पीळ काढलाय. मठात आता मी मागे बसते. कुणी पुढे बोलावलं तर ऐकू येत नाही असं दाखवते. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा. आणि पाया पडायला आलेल्या पोरींना मी विचारते, जेवलीस का? जेवल्यावर बरं वाटतं ना? खालच्या आळीतली ती सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "व्हय अक्का, लई बरं वाटतंय." मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पण हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी लिहायला घेतलं.

मागच्या आठवड्यात शेतावर थांबले होते, दुपार टळली. पोटात एकदम ओढायला लागलं. आत काहीतरी पोकळ पोकळ. मी चन्नवीरला म्हटलं, "बाबा, पुन्ना सुरू झालं, गाडी काढ." त्याचं तोंड उतरलं. सूनबाई मात्र माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मोठ्याने, अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, सकाळपासनं काय खाल्लंय तुमी?" काही खाल्लं नव्हतं. तिने बांधून आणलेली भाकरी हातावर दिली. मी खाल्ली. ते ओढणं थांबलं. ती दोघं हसायला लागली. मी बांधावर बसून रडले, राजी. एवढं वय झालं आणि भूक लागली ती मला ओळखता आली नाही. भूक अशी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि कोण कशाला सांगेल?

आज श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळीच सूनबाईने विचारलं, काकू, तुमच्यासाठी भाकरी टाकू ना? मी म्हटलं, आज नको, संध्याकाळी. ती घाबरली. तिला वाटलं दुखतंय. मी तिचा हात धरून पोटावर ठेवला. दुखत नाही. डॉक्टरांनाही चन्नवीरने फोन करून विचारलं, ते म्हणाले पाणी पीत राहा, एक दिवस चालेल.

आता दुपार आहे. घरात सगळे जेवायला बसलेत. भाकरीचा वास माझ्यापर्यंत येतो आहे, चटणीचाही. पोट ओढतंय. मला खावंसं वाटतंय, फार वाटतंय, आणि खाल्लं तरी काही होणार नाही हेही माहीत आहे. तरी नाही खाणार. पूजा झाली, जप झाला, ताठ बसून केला.

हा माझा पहिला उपास आहे. तुला कळवावंसं वाटलं.

तुझी आत्या